सूपापासून गोडापर्यंत

सूप टेबलावर आलं आणि त्याच क्षणी कॅप्टनच्या पाच महिन्यांच्या नातीनं भोकाड पसरलं. साधंसुधं नव्हे, टाळू दिसेल असं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काटा खाली ठेवला. कोपऱ्यातल्या गृहस्थांनी मान वळवली आणि ती वळलेलीच ठेवली.

लेकीनं उचललेला चमचा परत ठेवून दिला. पाच महिन्यांत तिनं एकदाही बसून गरम अन्न खाल्लं नव्हतं. भात गार, चहा गार, आणि तोही ओट्याशी उभ्यानं. जावई सतत फिरतीवर. परवा ती फोनवर रडली. चक्क गार झालेल्या भातावरून रडली, आणि बापाच्या काळजाचं पाणी झालं. "रविवारी दुपारी आपण बाहेर जेवायचं. सूपापासून गोडापर्यंत तू बसून जेवायचंस. छोटीचं मी बघतो," असं तो छाती फुगवून म्हणाला होता. म्हणायला काय जातं!

त्याला सगळे कॅप्टन म्हणत. जहाजबिहाज काही नाही हं. मोठ्या हॉटेलात वेटरांच्या म्होरक्याला कॅप्टन म्हणतात, आणि हा चौतीस वर्षं अशाच एका हॉटेलात नोकरीला होता. डाव्या हातावर चार भरलेल्या प्लेटा घेऊन गर्दीतून जायचा, थेंब सांडायचा नाही. पण निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तान्ह्या बाळाचा अनुभव म्हणाल तर शून्य. स्वतःची लेक एवढी होती तेव्हा हा सदानकदा ड्यूटीवर.

त्यानं किल्ल्या वाजवल्या. चमचा वाजवला. तोंड वेडंवाकडं केलं. छोटीनं आवाज चढवला. खांद्यावर घेतलं तर पाय झाडून, पोट ताठ करून ती अशी किंचाळली की आतून आचारी डोकावला.

मग मॅनेजर आला. तरुण, चापून भांग पाडलेला, हसतमुख. किंचित वाकून म्हणाला, "काका, पार्सल करून देऊ का?"

कॅप्टनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. चांगलंच ओळखीचं. ‘चालते व्हा’ म्हणायची ही सभ्य तऱ्हा त्यानं स्वतः शेकडो वेळा वापरली होती, नव्या वेटरांकडून घोटून घेतली होती. रडकं पोर आलं की पार्सल विचारायचं. कुणी भांडत नाही, मुकाट्यानं उठतात. उठताना ती माणसं कशी दिसतात, हे मात्र त्यानं कधी बघितलं नव्हतं. आज दिसलं. त्याची लेक रुमालाची घडी घालत होती.

"जाऊ या बाबा," ती म्हणाली. "घरी गरम करून घेईन." आणि वर हसायला बघत होती. ते हसणं त्याला बघवेना.

"बस खाली," कॅप्टन म्हणाला. "चमचा उचल."

तो उठला. लाज वाटत होती, रागही आला होता, आणि अशा वेळी माणसाचा हात आपला सवयीनं चालतो. त्यानं छोटीला डाव्या हातावर पालथं घेतलं. डोकं कोपराच्या खळगीत, पोट हाताच्या लांबीवर, पाय दोन्हीकडे लोंबकळते. प्लेटा घ्यायचा तसंच. आणि गुडघ्यांत किंचित लवून, सूप हिंदकळू न देणारी ती जुनी चाल त्यानं धरली.

छोटीनं एक दणदणीत ढेकर दिली. मग गप्प.

कॅप्टन थांबला. छोटीनं ओठ काढला. कॅप्टन निघाला. छोटी गप्प. म्हणजे थांबायची सोय नाही! पण भरल्या हॉटेलात गिऱ्हाइकानं टेबलांमधून येरझारा घालायच्या म्हणजे काय? तिथे फिरायचा हक्क एकाच जमातीला असतो. त्यानं उजव्या हातानं पाण्याचा जग उचलला.

"पाणी, मॅडम?"

काटा ठेवलेल्या बाईंनी ग्लास पुढे केला. मग वर बघितलं, मग त्याच्या डाव्या हाताकडे, आणि फिस्सकन हसल्या. कोपऱ्यातले गृहस्थ म्हणाले, "जरा ब्रेड आणा हो," आणि कॅप्टनच्या तोंडून आपसूक गेलं, "आणतो, साहेब." आणलाही.

मॅनेजर मागून धावला. "काका! अहो काका, हे काय चाललंय?"

"हळू बोला, झोपतेय ती," कॅप्टन कुजबुजला. "आणि सात नंबरवर मीठ नाही."

मॅनेजरनं सात नंबरकडे बघितलं. खरंच नव्हतं.

दर फेरीला कॅप्टन लेकीकडे बघून घेई. सूप संपलं. वाफाळता मासा आला. तिनं घाईघाईनं जीभ भाजून घेतली, आणि त्याचासुद्धा तिला आनंद झाला. पुडिंगची वाटी तिनं बोटानं निपटून काढली. रीतभात गेली खड्ड्यात! मग खुर्चीला पाठ टेकून तिनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तरतरी दिसत होती.

"बाबा," तो जवळून जाताना ती म्हणाली, "अजून एक पुडिंग मागवू?"

"दोन मागव!" चौतीस वर्षांत हजारो लोकांना त्यानं जेवू घातलं होतं. इतकं समाधान त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात एक जोडपं उभं होतं. बाईच्या खांद्यावर तान्हं पोर, लालबुंद होऊन टाहो फोडत होतं. भरलेली टेबलं बघून ती जागीच थबकली. "नको, परत जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. मॅनेजर चेहऱ्यावर हसू चढवून त्यांच्याकडे निघालाच होता.

कॅप्टननं वाटेतच पाण्याचा जग त्याच्या हातात कोंबला.

"या, आत या," तो त्या बाईला म्हणाला. "माझा उजवा हात मोकळा आहे."