रक्त गोठेपर्यंत

“नळीला हात लावायचा नाही, हलवायची नाही. वीस मिनिटं,” असं बजावून डॉक्टर पलीकडच्या बाळंतिणीकडे धावले, आणि सापाचं विष उतरवणारा भगत बाबूसिंग महाराज सिस्टर उर्वशीच्या तावडीत एकटा सापडला.

काचेच्या नळीत त्याचं चमचाभरही नसेल एवढं रक्त होतं. वीस मिनिटांनी नळी तिरपी करायची. रक्त गोठलेलं असलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणसीचं विष अंगात भिनलंय, औषध सुरू करायचं. इतकी साधी परीक्षा.

महाराज बाजाराच्या जीपमधून आला होता, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. साप चावलेला उजवा पाय पोटरीपर्यंत टम्म सुजलेला. केसपेपरवर त्यानं गाव भलतंच सांगितलं होतं. पण उर्वशी त्याच्याच तांड्यात वाढलेली. कपाळावरचा टिळा पुसला म्हणून काय माणूस बदलतो?

“पाला खाल्ला?” तिनं विचारलं.

“कोनता पाला?”

“लिंबाचा. तुमी साऱ्यायले चारता तो.”

त्यानं दुपट्टा तोंडावर आणखी ओढला. मग पुटपुटला, “खाल्ला.”

“कसा लागला?”

“कडू.”

“कडू लागला म्हंजे विष नाही. मंग इकडं कायले आले, महाराज?”

तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. “मानीबाईची पोरगी हाय मी. भारतची बहीण.”

तीन वर्षांपूर्वी साप चावला तेव्हा भारतलाही पाला कडूच लागला होता. विष नाही, घरी ने पोराले, असं महाराजानं सांगितलं, मानीबाईनं नारळ फोडला, आणि दिवेलागणीला एकोणीस वर्षांचं पोर हातचं गेलं. उर्वशी तेव्हा यवतमाळला नर्सिंग शिकत होती. याडी, त्याले दवाखान्यात ने, म्हणून तिनं फोनवर आईपुढं घसा फोडला होता. याडीनं मुलीपेक्षा महाराजाचं ऐकलं.

“बाई,” महाराजानं हात जोडले, “तांड्यात नको सांगू. मले मंग कोन इचारन?”

उर्वशीनं स्टूल ओढलं आणि नळीसमोर बसली. खरं सांगायचं तर ती मनात मागणं मागत होती. वाहू दे. जगदंबे, याचं रक्त वाहू दे. सिस्टरनं असं मागू नये, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं मागितलं, आणि तिला तिळभर लाज वाटली नाही. महाराज एकदा नळीकडे बघे, एकदा घड्याळाकडे. त्याला दरदरून घाम फुटला होता, आणि ती तो घाम डोळे भरून बघत होती.

वीस मिनिटं झाल्यावर तिनं नळी तिरपी केली. रक्त सरळ काठापर्यंत धावत आलं.

पुढचं सगळं तिनं चोख केलं. डॉक्टरांना हाक मारली, दहा कुप्यांचं औषध सलाईनमध्ये मिसळलं, सुई पहिल्याच खेपेला शिरेत घातली. त्याला मारायचं असतं तर अवघड नव्हतं. पण मेला असता तर तांड्यानं त्याची समाधी बांधून वर जत्राही भरवली असती. तिला तो जिवंत हवा होता, सरकारी खाटेवर, सलाईनखाली, साऱ्या तांड्यादेखत.

थेंब पडायला लागले तसा तिनं तांड्याच्या नायकाला, धनसिंगला, फोन लावला. “महाराजले साप चावला. पाल्यानं नाही जमलं, म्हनून आमच्या इथं भरती हाय. देवळावरच्या भोंग्यातून सांगा साऱ्यायले.”

दुपारी टेंपो भरून माणसं आली. खाटेभोवती ही दाटी झाली. तांड्यातल्या इंद्रजीतनं महाराजानंच बांधलेला गळ्यातला काळा दोरा तोडला आणि त्याच्या अंगावर फेकला. “आमाले पाला, अन् सोताले इंजेक्शन?” महाराजानं भिंतीकडे तोंड केलं. तीन वर्षांत उर्वशीला एवढा गोड घास मिळाला नव्हता. तिनं एक रिकामी कुपी उचलून सगळ्यांना दाखवली.

“हे पाहा औषध. फुकट भेटते. येळेवर आनलं तं मानूस वाचते.”

गर्दीतून एक हात पुढं आला आणि त्यानं ती कुपी घेतली. मानीबाईचा हात. टेंपोत याडीही बसलेली असेल, हे उर्वशीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मानीबाईला वाचता येत नव्हतं. तरी तिनं कुपी उलटीसुलटी करून पाहिली. मग खाटेवरच्या जित्या माणसाकडे पाहिलं.

“उर्वशी,” ती म्हणाली, “आपला भारत गेला, तवा होतं का हे इथं?”

सगळे उर्वशीकडे बघायला लागले. भिंतीकडे तोंड केलेला महाराजसुद्धा वळला.

होतं. याच कपाटात होतं. नोकरीवर आल्या दिवशीच तिनं औषधांचं जुनं रजिस्टर काढून पाहिलं होतं. एवढं एक वाक्य बोललं असतं की महाराज कायमचा संपला असता. पण ते वाक्य महाराजाला लागायच्या आधी याडीला लागणार होतं.

“नव्हतं, याडी,” ती म्हणाली. “यंदाच आलं.”

मानीबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. धनसिंग नायकानं पुढं होऊन महाराजाच्या अंगावरची चादर सारखी केली.

“मंग तवा महाराजानं तरी काय करावं?” तो म्हणाला.