गोठ्याची घंटा

धाकू मोंबासाला साहेबलोकांच्या बंगल्यांत विजेच्या घंटा बसवायचा. तीन वर्षांनी पोलादपूरकडच्या आपल्या वाडीत रजेवर आला, तेव्हा ट्रंकेत तारेचं भेंडोळं, ब्याटऱ्या आणि एक पितळी घंटा घेऊनच आला.

"गोठ्याचं दार उघडलं का ही वाजल," तो बायकोला म्हणाला. "मग बिबळ्याची काय बिशाद हाय!"

चंद्रभागेने मोठ्या हौसेने तारेची टोकं चिंचेने घासून लखलखीत केली, एकेक खिळा त्याच्या हातात दिला. घंटा सासूच्या उशाशी लागली. दिवेलागण झाली की घंटा चालू करायला खटका दाबायचा, हे धाकूने आईला शिकवलं. शेवटचा जोड तेवढा त्याने चंद्रभागा पाण्याला गेली असताना केला. ती पाणवठ्यावर सगळ्या बायांना सांगत होती, "आमच्या गुरांना आता साहेबाची घंटा हाय."

धाकू बोटीवर चढून आठवडा झाला असेल. बिबळ्याच्या भीतीने अंधार पडल्यावर वाडीत कोणी दार उघडत नसे. त्या दिवशी जेवणं उरकत होती, तोच गोठ्याचं दार कडकड मोडून सताड उघडलं आणि वासरू हंबरलं.

घंटा गप्पच.

चंद्रभागेने कोयता उचलला, धावत जाऊन घराचं मागलं दार उघडलं, आणि घंटा घणघणायला लागली.



आतून सासू ओरडली, "कोणाकडं चाललीस गो?"