धुळेकरांचा टीव्ही

"टीव्हीच बिघडला, दुसरं काही नाही," लताबाई म्हणाल्या. "काल कॉल लावून आमच्या मोहिनीला यात पाहिलं, तं पार काळीठिक्कर दिसली! माझी पोरगी काय तशी हाये का?"

मयुरीच्या हातातला रिमोट जागच्या जागी थांबला. तोच शब्द. तोच आवाज. फैजपूरचा हाच दिवाणखाना आणि भिंतीवर हाच भलामोठा टीव्ही.

पाच वर्षांपूर्वी, टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, मयुरीला पाहायचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर झाला होता. मुलगा म्हणजे लताबाईंचा थोरला, कुंदन. मोबाइलवर सगळ्यांना दिसणार नाही म्हणून यांनी कॉल टीव्हीवर लावला आणि अख्खं घर सोफ्यावर येऊन बसलं. तिकडे यावलला मयुरी पोपटी साडी नेसून वडिलांच्या मोबाइलसमोर बसली. नावसुद्धा सांगून झालं नव्हतं, तोच लताबाई कडाडल्या, "ओ माय, ही तं पार काळीठिक्कर! बंद करा, बंद करा!" बंद करायचं मात्र कोणाला सुचलं नाही. मागून सगळ्यांचं खदाखदा हसणंही ऐकू आलं. शेवटी तिच्या वडिलांनीच, सुकदेव आबांनी, मोबाइल पालथा घातला. त्या दिवसापासून आबांनी तिच्यासमोर लग्नाचा विषय काढला नाही.

मयुरी जळगावला आली, टीव्हीच्या दुकानात लागली, पडद्याचे रंग यंत्रानं मोजून चित्र नीट लावायचं शिकली. आज फैजपूरला जायची पाळी खरं तर दुकानातल्या चंदनची होती. चिठ्ठीवर लताबाईंच्या यजमानांचं, भाईदास नानांचं नाव आणि खाली 'उद्या मुलीला पाहायचा कॉल' एवढं वाचलं आणि तिनं ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. तोंडाला मास्क लावला, निमित्त सर्दीचं. वाटेत मनाशी पक्कं केलं होतं, टीव्ही असा लावायचा की उद्या हिची पोरगी पडद्यावर कावीळ झाल्यासारखी दिसली पाहिजे. आणि यांनी मग कपाळाला हात लावून बसावं.

उद्या मोहिनीचाच कार्यक्रम होता. मुलाकडचे धुळ्याचे. आधी व्हिडिओ कॉलवर पाहणार, मग पसंत पडली तर घरी येणार. मोहिनी तोंडावर पावडरचा थर देऊन कोपऱ्यात बसली होती. हळूच म्हणाली, "ताई, नीट दिसेन ना मी?"

हेच मयुरीनं आबांना विचारलं होतं. अगदी याच आवाजात. तिनं टीव्हीचं सेटिंग उघडलं आणि बघतच राहिली. हिरवा रंग टोकाला नेलेला, उजेड निम्म्याच्याही खाली. अशा पडद्यावर दूधसुद्धा शेवाळलेलं दिसलं असतं.

"हे कोणी केलं?"

"मी!" भाईदास नाना झोक्यावरून अभिमानानं म्हणाले. "टीव्ही आणला त्याच दिवशी. मॅचचं मैदान कसं केळीच्या बागेसारखं हिरवंगार दिसलं पाहिजे! आन उजेड कमी केला की लाइटबिल पन वाचतं."

मयुरीच्या डोक्यात सणक गेली. पाच वर्षं ती आरशापुढे उभी राहून स्वतःलाच दोष देत होती. आणि हे काय, तर नानांचं क्रिकेट! तिला हसू येईना आणि रडूही येईना. आली होती टीव्ही बिघडवायला, पण आता तिनं तो जीव ओतून लावला. यंत्र पडद्याला टांगलं. हिरवा मागे खेचला, उजेड वर घेतला, एकेक रंग जागेवर आणला. शेवटी कातडीचा रंग तपासायला पेन ड्राइव्ह लावून एक फोटो उघडला. प्रत्येक घरी ती हाच फोटो लावायची, कारण ही कातडी तिला तंतोतंत ठाऊक होती. पोपटी साडीतली, त्या दिवशीची, कॉलच्या आधी आबांनी काढलेली ती स्वतः.

लताबाई पुढे सरकल्या. "ही कोन वं? सावळी हाये, पन नाकीडोळी किती नीटस! काय तेज हाये पाहा चेहऱ्यावर! कोनाची पोरगी? आमच्या कुंदनसाठी पाच वर्षं झाली पाहतोय, कोनी हो म्हणत नाही."

मयुरीनं मास्क खाली ओढला.

"यावलच्या सुकदेव आबांची. याच टीव्हीवर काळीठिक्कर म्हणाला होता तुम्ही मला, काकू. तेव्हा नाही वाटलं टीव्ही बिघडलाय?"

नानांचा झोका थांबला. लताबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या एकदा फोटोकडे पाहत होत्या, एकदा तिच्याकडे. या वेळी कोणी हसलं नाही. मयुरीला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

"झालं गेलं विसर माय," लताबाई कशाबशा म्हणाल्या. "चुकलंच आमचं. पन आता टीव्ही नीट झाला ना? उद्या धुळ्याच्या लोकांना माझी मोहिनी गोरी दिसेल ना?"

मयुरीनं यंत्र पिशवीत भरलं. जाता जाता मोहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पावडर पूस आणि खिडकीकडे तोंड करून बस." मग उंबऱ्यात वळली.

"हा टीव्ही तर तुम्हीच पाहणार, काकू. धुळेकर मोहिनीला पाहतील ते त्यांच्या टीव्हीवर. देव करो, त्यांच्या घरी कोणी क्रिकेट पाहणारं नसो."