लाल मासा आणि पहिल्या बातम्या

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला तशी मास्तरीणबाईंनी खुर्चीचा हात सोडला. गावच्या टीव्ही स्टेशनच्या पहिल्यावहिल्या बातम्या, आणि पहिला अर्धा भाग त्यांनी एकदाही न अडखळता वाचला होता. आता जाहिराती संपल्या की उरलेला अर्धा. छाती तर अशी धडधडत होती, की माइकने ती गावभर ऐकवली असती.

"फोन आला का कुणाचा?" त्यांनी विचारलं.

स्टेशनच्या मालकांनी नकारार्थी मान हलवली. खाली त्यांचं टीव्ही-रेडिओचं दुकान. सेट खपावेत म्हणून वरच्या मजल्यावर स्टेशन काढलेलं, तेव्हा त्यांचा हिशेब सरळ होता. बातम्या लोकांनी पाहिल्या तर ठेवायच्या, नाहीतर बंद. बाईंचं तसं नव्हतं. शाळेतली कायमची नोकरी सोडून त्या इथे आल्या होत्या. "चांगलं शिकवत होती, आता काचेत बसायला निघाली," असं सासूबाई शेजारणीला ऐकवत, तेही सून घरात असतानाच. गावाने आपल्याला पाहावं, ऐकावं, एवढंच बाईंना हवं होतं, आणि ते त्यांना फार हवं होतं.

फोन वाजला. मालकांनी घाईघाईने रिसीव्हर उचलला, ऐकून घेतलं आणि तो हाताने झाकला.

"तुमच्याच सासूबाई आहेत. शेजारून बोलतायत."

बाई उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणतायत?"

मालक कसनुसं हसले. "मासा कुठे गेला, विचारतायत."

त्याचं असं झालं होतं, की गेला महिनाभर स्टेशनची नुसती चाचणी चालू होती. दाखवायला काहीच नाही, म्हणून इंजिनिअरने घरची काचेची पेटी आणून कॅमेऱ्यासमोर ठेवली. पेटीत एकच लाल मासा. सकाळी तो डावीकडून उजवीकडे जाई, संध्याकाळी उजवीकडून डावीकडे, आणि गाव डोळे लावून बघत बसे. सलूनमध्ये गिऱ्हाइकं सारखी मान वळवत, त्यापायी दोघांचे कल्ले खालीवर झाले होते. आज बातम्यांसाठी ती पेटी उचलून जिन्याखाली ठेवली होती.

मग फोन थांबेचना. मासा आजारी आहे का? विकला का? एका छोट्या मुलीला तर रडू आवरत नव्हतं, शेवटी तिच्या आईने फोन घेऊन मालकांची खरडपट्टी काढली.

"बाई, राग मानू नका," मालक म्हणाले. "उरलेल्या बातम्या राहू द्या. मासाच लावू."

इंजिनिअर पेटी घेऊन दारात उभाच होता. पाणी डुचमळत होतं, मासा आपला मजेत.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्याशा माशाने त्यांना धूळ चारली होती. घरी कोणत्या तोंडाने जायचं? आणि मग एकदम त्यांना आपला वर्ग आठवला. वर्गात चिमणी शिरली की पोरं फळ्याकडे ढुंकून बघत नसत. अशा वेळी त्या पुस्तक मिटायच्या आणि चिमणीवरच धडा घ्यायच्या.

"पेटी इथे ठेवा, माझ्या टेबलावर," त्या म्हणाल्या. "आणि तो फोन इकडे द्या."

"टेबलावर? अहो, पण बातम्या?"

"ठेवा म्हणते ना."

हा वर्गातला आवाज होता. मालकांनी मुकाट्याने फोन आणून ठेवला. लाल दिवा लागला.

"नमस्कार. आताच हाती आलेली बातमी. आपल्या स्टेशनचा लाल मासा सुखरूप आहे. त्याची तब्येत ठणठणीत असून दुपारी तो पोटभर जेवला. आता तो कुठे जाणार नाही, आणि मीही नाही. तेव्हा तुमच्या गल्लीत आज काय झालं, ते मला सांगा."

राजधानीहून आलेल्या बातम्यांचे कागद त्यांनी बाजूला सारले. मालकांनी कपाळाला हात लावला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

पाण्याच्या टाकीजवळ पाइप फुटला होता. बाईंनी कॅमेऱ्याकडे बघत तसं सांगितलं. गवंड्याच्या सुनेला जुळं झालं होतं, दोन्ही मुली, तिघी सुखरूप. तेही सांगितलं. पोस्टासमोर कुणाला तरी किल्ल्यांचा जुडगा सापडला होता. ते सांगून होतंय तोच दुसरा फोन आला, जुडगा माझाच आहे, घराला कुलूप म्हणून तर शेजाऱ्यांकडे टीव्ही बघत बसलोय. बाई खळखळून हसल्या. बातम्या सांगताना हसायचं नसतं, हे त्या साफ विसरल्या. त्यांचे कान तापले होते, आवाज चढला होता, आणि इतका आनंद त्यांना कधीच झाला नव्हता. वेळ केव्हाच संपून गेली, पण त्यांना थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

पुन्हा फोन. या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थाचा तिरसट आवाज.

"बाई, त्या माशाचं काय ते बघा."

बाईंचा चेहरा पडला. "काय झालं, काका?"

"मधे येतोय. बाजूला घ्या त्याला, तुम्ही दिसत नाही."

बाईंनी रिसीव्हर हाताने झाकला आणि ऐकलं ते हळूच मालकांना सांगितलं. मग गावातल्या यच्चयावत टीव्हींवर मालकांचा बाही वर सारलेला हात दिसला. त्याने पेटी पार टेबलाच्या टोकापर्यंत सरकवली.