दीड लिटरचा कुकर

प्रश्न आला तेव्हा वासुदेवराव डाव्या हातानं तांदूळ धूत होते. ओट्यावर फोन थरथरला. त्यांनी हात पुसला, चष्मा लावला.

"वासुदेव, एका ग्राहकाला तुमची मदत हवी आहे. तुम्ही घेतलेल्या कुकरबद्दल त्यांचा प्रश्न आहे."

तांदूळ तसाच राहिला. स्नेहलतागंज मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत दिवसभरात त्यांना नावानं हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

खरेदीचं हे अ‍ॅप शलाकानं, त्यांच्या मुलीनं, पुण्याहून सांगत सांगत त्यांच्या फोनवर टाकून घेतलं होतं. तिची आई गेल्यावर. बाजारात जायला नको बाबा, सगळं दारात येईल. आलं. दीड लिटरचा कुकर आला, तांदूळ आला, पोह्यांवर भुरभुरायचं जिरावन आलं, साबण आला. रोज 'क्यों भिया, आज लेट?' विचारणारा कोपऱ्यावरचा किराणावाला तेवढा सुटला.

मग अ‍ॅपनं विचारलं, वस्तू कशी वाटली? दोन चौकटी होत्या. त्यांनी भरल्या.

फायदे : एका माणसाला नेमका.

तोटे : एका माणसाला नेमका.

तेव्हापासून प्रश्न येऊ लागले. बहुधा हिंदीत. वासुदेवराव दफ्तरी हिंदीत उत्तरं लिहीत. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं होतं. आलेल्या कागदाला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, हे हाडात मुरलेलं. एक माणूस विचारतोय, त्या एका माणसाला उत्तर. पाकीट चिकटवावं तसं ते 'पाठवा' दाबत.

प्रश्न : रोज वापरला तर टिकतो का?

उत्तर : महोदय, टिकतो. मी दिवसातून एकदाच लावतो. संध्याकाळी सकाळचाच भात फोडणीला टाकतो.

प्रश्न : झाकण एका हातानं उघडतं का?

उत्तर : उघडतं. मार्चमध्ये मी जिन्यात पडलो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कुकर पूर्ण निवू द्यावा, पोटाशी धरावा, डाव्या हातानं झाकण सरकवावं. घरी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून आपल्याला सविस्तर लिहिलं.

प्रश्न : दोघांचा भात होतो का?

उत्तर : नाही. शेजारचे गजाननराव होते तोवर मी मोठा कुकर लावत होतो. ते हातोदला मुलाकडे राहायला गेले. जाताना मोठा कुकर त्यांनीच माळ्यावर ठेवून दिला.

रविवारी शलाकाचा फोन येई. ती जेवणाचं विचारी. ते सांगत, एक दिवस माझ्याकडे, एक दिवस गजाननकडे, दोघं म्हातारे मजेत. तब्येत? एकदम बढिया. चार दिवस येऊन जाऊ का, असं ती म्हणाली की ते म्हणत, कशाला सुट्ट्या घालवतेस, इथं सगळं सेट आहे. हे सांगताना ते उभे राहत, साहेबांसमोर राहावं तसे. खरं कळलं तर ती नोकरी टाकून येईल, ही त्यांची भीती. खरं कळूनही नाही आली तर, ही त्याहून मोठी.

मागच्या रविवारी बोलायला काही उरलं नाही, तेव्हा कुकरची रिंग ढिली झालीय एवढं ते बोलून गेले होते.

आता त्यांनी प्रश्न उघडला. मराठीत होता. पहिल्यांदाच.

"बाबा, रिंग मागवायला मी अ‍ॅपवर गेले. कुकरच्या खाली तुमची उत्तरं दिसली. ती सगळ्यांना दिसतात, बाबा. मी सगळी वाचली. शनिवारच्या गाडीनं येतेय. आपल्या दोघांचा भात कशात करायचा?"

वासुदेवराव स्टुलावर बसले. बोटानं पान वर सरकवत गेले. त्यांची सगळी पाकिटं कुणीतरी फोडून भिंतीवर चिकटवली होती. शिळा भात. जिना. खांदा. गजानन. खांद्याच्या उत्तराखाली लिहिलं होतं, 'तीनशे बारा जणांना हे उत्तर उपयोगी वाटलं.'

त्यांचे कान तापले.

प्रत्येक उत्तराशेजारी 'काढून टाका' असं बटण होतं. अंगठा त्यावर जाऊन थांबला. काढून टाकायचं आणि फोन लावायचा. अगं, ते आपलं असंच, टाइमपास म्हणून लिहिलेलं. वाक्य तयार होतं. ते उभे राहिले.

पातेल्यातला तांदूळ फुगत चालला होता. एकाचा तांदूळ. मूठभर.

ते पुन्हा बसले.

कागद आला होता. उत्तर आजच जायला हवं होतं. डाव्या हाताच्या बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं.

उत्तर : मोठा कुकर माळ्यावर आहे. माझा हात पोचत नाही. तू आलीस की काढ.