नसलेली पायरी

फुटपाथ संपायच्या हातभर आधी मास्तर थांबला. मान सरळ, पुढचा एक पाय किंचित उचललेला. नऊ वर्षं तो इथे असाच थांबत आला होता. पण इथली पायरी गेल्याच महिन्यात फोडून तिथे उतार केला होता.

पट्ट्याची दांडी धरलेला दादाही थांबला. जन्मापासून दृष्टी नसलेला माणूस. बुटाच्या टोकाने त्याने पुढे चाचपलं. पायरी लागली नाही.

"शाबास, मास्तर," तो कुत्र्याला म्हणाला.

मागून येणाऱ्या त्याच्या ताईने कपाळाला हात लावला. "नसलेल्या पायरीला शाबासकी! आणि परवा उघड्या गटारापाशी हे महाशय थांबलेच नाहीत. दोघं जोडीने आत."

"माझा एकच पाय आत होता."

"हो, दुसरा जायची वाट बघू या."

सोबत आलेली, कुत्रे शिकवणाऱ्या केंद्राची ट्रेनर मास्तरसमोर उकिडवी बसली. त्याच्या डोळ्यांपुढून तिने तळहात फिरवला. डोळे हलले नाहीत.

"ह्याला आता काहीच दिसत नाही, दादा. आठवणीने थांबतोय. नवा कुत्रा तयार आहे, पण जुना घरात असला तर नवा तुमचा होत नाही. ह्याला केंद्रात न्यावं लागेल. तीन महिने तुम्ही 'बघू' म्हणताय. आज नाही म्हणालात, तर नवा दुसऱ्या कोणाला जाईल."

"थांबतोय ना पण."

"थांबणं हे त्याचं काम नव्हे. तुम्ही पडू नये, हे काम. थांबणं त्यासाठी."

"आपण कशासाठी थांबतो, हे त्याला ठाऊक असेल?"

ट्रेनर उठून उभी राहिली. "माझ्याकडे होता तेव्हा बिस्किटासाठी थांबायचा. तुमच्याकडे आल्यावर कशासाठी, ते मला कसं कळणार?"

दादाने वाकून बक्कल सोडलं. कामाचा पट्टा निघाला की मास्तर एरवी अंग झाडायचा. आज तो दादाच्या पायाला टेकून उभा राहिला. दादाने पट्टा ट्रेनरच्या हातात दिला.

"सुटलास रे बाबा," ताई मास्तरला हळूच म्हणाली.

"मग नवा कधी आणू?" ट्रेनरने विचारलं.

"नवा नको," दादा म्हणाला. "मला काठी शिकवा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात हा. इथून पुढे ह्याला मी नेईन."