शेजारच्या सीटचं वजन

निवृत्त वैमानिक सासरे सकाळपासून कॉम्प्युटरपुढे मेटाकुटीला आले होते. सिम्युलेटरमधल्या विमानाची फाईल बदलून सेव्ह करायला गेलं, की एकच उत्तर: परवानगी नाही. शेवटी सुनेनेच खुर्ची ओढली आणि सेटिंगमध्ये जाऊन त्या फाईलला बदलाची मुभा दिली.

"बाबा, एवढं बदलायचंय तरी काय?"

"शेजारच्या सीटवरचं वजन. सहवैमानिकाचं ऐंशी किलो आहे, ते बावन्न कर. तुझी सासू जन्मभर माझ्यामागे लागली होती, एकदा तरी मला पुढे बसवा म्हणून. नियमात बसत नव्हतं."

सुनेने बावन्न टाकलं.

आजवर घरात वजनाचा काटा येऊ न देणाऱ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "चौसष्ट लिही गं. उगाच माझ्यापायी यांचं विमान कलंडायला नको."